मुकी गाडी

हॉर्न वाजला तशी रोशनबी मणेर अंबूबाईचा हात तसाच सोडून उठली. काकण बोटांच्या पेरांवर अर्धं अडकलेलं राहिलं.

"ओ पावणं, रस्ता सासऱ्यानं आंदण दिलाय काय?"

मोटरसायकलवाला बिचारा गोंधळला. पुढं म्हैस आडवी होती आणि हॉर्न म्हशीसाठी होता. पण रोशनबीपुढं म्हशीची साक्ष काढायची कुणाची छाती? उचगावच्या त्या चौकात ती नवी नवरी होऊन आली तेव्हापासून तिचा बांगड्यांचा गाडा उभा होता, आणि हॉर्नशी तिचं वैरही तेवढंच जुनं. काचेचं काम ते. काकण आधी दुसऱ्या काकणावर टिचकारून कानाशी धरायचं. तडा असला तर आवाज बद्द येतो, ते बाजूला. चांगलं असेल ते बोटं मिटवून अलगद सरकवायचं. नेमकं तेव्हाच कुणीतरी पाठीमागं कोकलतं, हात दचकतो आणि काकण वाढतं. फुटतं म्हणायचं नसतं, वाढतं म्हणायचं, आणि रोशनबी कधी फुटतं म्हणाली नाही. हॉर्नवाल्याला मात्र जे म्हणायचं ते सगळं म्हणून घेई.

"अम्मी, बस आली," मुबशिरा म्हणाली.

कंपनीची बस खरंच आली होती. अंबूबाईचा एक हात हिरवा भरलेला आणि दुसरा मोकळा, तशीच ती उठली. मुबशिरानं कडक इस्त्रीचा निळा गणवेश घातला होता आणि आजचा दिवस टळावा असं तिला पहाटेपासून वाटत होतं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बॅटरीच्या स्कूटर बनवणाऱ्या तिच्या कंपनीनं आज कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं. प्रत्येकी दोन माणसं. अब्बांची जागा शेजारच्या अंबूबाईला मिळाली, कारण रोशनबीला आज नवऱ्यापेक्षा साक्षीदाराची गरज होती.

त्याचं असं झालं होतं. कामाला लागली त्या दिवशी घरी आल्यावर, काय काम दिलं गं, असं आईनं विचारलं आणि मुबशिरा बोलून गेली, "गाडी बनवते." रोशनबीनं ते वाक्य पेढे वाटावेत तसं गल्लीभर वाटलं. "आमची मुबी गाडी बनवती. आख्खी." हे आख्खी रोशनबीच्या पदरचं. मुबशिरानं ते दुरुस्त केलं नाही, कारण खरं सांगायचं तर दुहेरी पंचाईत होती. लाइनीवरच्या एवढ्या हातांत तिच्या वाट्याला एकच वस्तू आली होती. आणि ती वस्तू म्हणजे हॉर्न. आता सांगा, रोशनबीच्या पोरीनं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"दिसाला किती बनवतीस?" बसमध्ये अंबूबाईनं विचारलं.

"बगशीला की, मावशी," मुबशिरा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

पण कारखान्यात पाऊल पडलं आणि भीती मागं पडली. रोज असंच व्हायचं. भोंगा झाला, लाइन सरकू लागली की तिच्या अंगात वारं शिरायचं. एका टोकाला नुसता सांगाडा आत येतो, पुढं कुणी चाक देतं, कुणी दिवा, कुणी सीट, आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडते. पंगतीत ताट जागेवर असतं आणि वाढपी फिरतात. इथं वाढपी जागेवर आणि ताट फिरतं. हे रोज बघूनही तिला त्याचं अप्रूप होतं, आणि आज ते अम्मीही बघणार म्हणून तिचे हात शिवशिवत होते.

लाइनीच्या सुपरवायझर राजनंदिनी मॅडमनी घरच्यांना पिवळ्या पट्ट्याआड उभं केलं. रोशनबी अगदी पुढं. मुबशिराच्या जागेसमोर गाडी आली. तिनं हॉर्न बसवला, दोन बोल्ट आवळले, वायर जोडली, बटण दाबलं. पीं. गाडी पुढं गेली. दुसरी आली. पीं. तिसरी आली. रोशनबी शांतपणे वाट बघत होती, पोरगी कधी उठते आणि उरलेली गाडी करायला घेते त्याची.

"बाकीची कवा करतीस?" शेवटी तिनं विचारलं.

"बाकीची दुसरे करतात, अम्मी."

"आन् तू?"

"मी हॉर्न बसवते."

"हॉर्न," रोशनबी म्हणाली.

अंबूबाईनं पदर तोंडाला लावला. मुबशिराचे कान तापले. वर बघायची सोय नव्हती, पुढची गाडी आलीच होती. तिनं बोल्ट आवळले, वायर जोडली, बटण दाबलं.

काहीच नाही. पुन्हा दाबलं. गाडी गप्प.

डोक्यावर एक लाल दोरी होती. ओढली की सगळी लाइन थांबते. ओढायची परवानगी सगळ्यांना होती, पण ओढणारा सगळ्यांच्या नजरेत येतो, आणि आज तर मोठे साहेबही दाराशी उभे होते. सोडून दिली तर पुढं कुणीतरी पकडेल. कदाचित पकडेल. मुबशिराचा हात वर गेला, क्षणभर थबकला, आणि तिनं दोरी ओढली.

लाल दिवा लागला. लाइन थांबली आणि कारखाना एकदम चिडीचूप झाला.

"पोरीनं काय मोडलं गं?" अंबूबाई म्हणाली. त्या शांततेत ते साहेबांपर्यंत पोहोचलं.

राजनंदिनी मॅडम धावत आल्या. मुबशिरानं त्यांना वायर दाखवली, पण बोलली ती आईशी.

"मुकी निघाली, अम्मी. बॅटरीची गाडी, चालताना आवाज न्हाय हिला. अशीच सोडली तर मागनं आलेली कुणाला कळायची?"

मॅडमनी वाकून पाहिलं. आधीच्याच कुठल्यातरी जागेवर वायरचं टोक नीट बसलं नव्हतं. ते बसवलं, मुबशिरानं बटण दाबलं, पीं वाजलं आणि लाइन पुन्हा सुरू झाली. मॅडमनी तिच्या खांद्यावर थाप मारली. मुबशिरानं पिवळ्या पट्ट्याकडं पाहिलं, पण रोशनबीची नजर गेलेल्या गाडीमागं होती.

परतीच्या बसमध्ये अंबूबाईच एकटी बोलत होती. चहा बरा होता, लाडू कडक होता. उद्या गल्ली हसेल याचं मुबशिराला काही वाटत नव्हतं. अम्मी हसत नव्हती, शिव्याही देत नव्हती, त्यानं मात्र तिला रडू येत होतं.

चौकात उतरल्यावर अंबूबाईनं मोकळा हात पुढं केला. "सकाळचं पुरं कर की बाई. एका हातानं घरी गेले तर सासू इचारंल."

रोशनबी गाड्यामागं बसली. तिनं एक काकण उचललं, दुसऱ्यावर टिचकारलं, कानाशी धरलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. ते कानाशी तसंच धरून ती पोरीकडं बघत राहिली, सकाळपासून बघितलं नव्हतं इतका वेळ. मग अंबूबाईची बोटं मिटवून तिनं काकण सरकवायला घेतलं.

पीं.

अगदी पाठीशी. अंबूबाई दचकली, काकण अर्ध्यात अडकलं. गाडी आल्याचा जरासुद्धा आवाज झाला नव्हता. रोशनबी उठली.

"अम्मी, जाऊ दे," मुबशिरा म्हणाली.

स्कूटर आकाशी रंगाची होती, मुबशिराच्याच लाइनीवरची. वरचा माणूस गावातलाच असावा, कारण रोशनबीला बघताच त्यानं हात जोडले. "चुकलं, मावशी."

रोशनबी गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली. वाकून तिनं दिव्याखाली कुठंतरी पाहिलं.

"पावणं," ती म्हणाली, "पुन्यांदा वाजवा की."

त्यानं भीत भीत अंगठा टेकवला. रोशनबीनं मान कलती करून कान दिला.

"बद्द न्हाय," तिनं अंबूबाईला सांगितलं, आणि खाली बसून तिचा हात पुन्हा हातात घेतला.