दोन कुलपांची विहीर

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मुरबाडच्या बाजारातून मला कमळूने आणलं, तेव्हा तानसा तलावाच्या अलीकडच्या दोन पाड्यांत माणसं एकमेकांवर उठली होती.

दोघांची विहीर एकच. उन्हाळ्यात टँकर तिच्यातच रिकामा होई. खालचे जास्त उपसतील या भीतीने वरच्या पाड्याने झाकणाला कुलूप घातलं. ते पाहून खालच्यांनी काठ्या घेऊन पहारा बसवला. काठ्या पाहून वरच्यांनी कोयते आणले.

वरच्या पाड्यातली शीतल शहापूरला राज्यशास्त्र शिकत होती. हंड्यांच्या रांगेत ती म्हणाली, "देशांचंबी असंच हाय. त्यांच्यावर कोन सरपंच नाय, म्हणून जो तो आपलं बळ वाढवतो. याला वास्तववाद म्हनतात. उदारमतवादी सांगतात, दोघांनी मिळून नियम केले तर भांडण टळतं."

"त्या पुस्तकानं माझा हंडा भरंल का गो?" खालच्या पाड्याचा कमळू म्हणाला. सगळे हसले. पण बोलणं पटलं. ठरलं, एकाच साखळीला वरच्यांचं एक कुलूप आणि खालच्यांकडून कमळूचा मी. दोन्ही किल्ल्या आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

तीन उन्हाळे तंटा झाला नाही. माझं कौतुक झालं. शीतलने रचनावादही सांगितला होता, की समोरचा वैरी का सोबती, हे आपण त्याला काय मानतो त्यावर ठरतं. तेवढं मात्र कोणी मनावर घेतलं नाही.

गेल्या चैत्रात भर दुपारी शीतलच्या घरामागची पेंढ्याची उडवी पेटली. घराने पेट घेतला, ज्वाळांनी दार अडवलं; आत तिचे अंथरुणाला खिळलेले आजोबा, लडकूबाबा. वरच्यांनी आपलं कुलूप उघडलं, पण माझी किल्ली कमळूकडे, म्हणून माझ्यावर दगड घातले. मी फुटलो नाही. मग लाकडं तोडता तोडता उठलेली ती माणसं हातातल्या कोयत्यांसकट, आरडत ओरडत कमळूच्या दाराशी गेली.

कमळूला वाटलं, चालून आले. त्याने आतून कडी घातली.

"घर पेटलंय दादा, किल्ली दे!"

"आदी कोयते टाका."

कोयते टाकले तर खालचे झोडपतील, असं त्यांना वाटलं. हो-नाही करण्यात वेळ गेला. शेवटी कमळूला धूर दिसला. तो धावत आला, त्याने मला उघडलं. तोवर छप्पर लडकूबाबांवर खाली आलं होतं.

तिसऱ्या दिवशी कमळू वरच्या पाड्यावर गेला. शीतल म्हणाली, "कोयते आमच्याच हातात व्हते, दादा."

मित्रांनो, मी मजबूत निघालो, हेच माझं दुःख आहे. कुलूप जरूर लावा, नियमही करा. पण ज्याच्या भीतीने ते लावता, त्याच्या घरी आधी एकदा जाऊन बसा.