चिंचमळ्याचा धोंडीबा

रावेतच्या घरी बसून विजयश्री नॉर्वेतल्या एका बाईंचे पूर्वज शोधत होती. चर्चच्या जुन्या नोंदींत त्यांचे खापरपणजोबा लग्नानंतर गायबच झाले होते. आडनावाचा माग काढून काढून तिचं डोकं शिणलं. मग उमगलं, तिकडे माणसानं शेत बदललं की त्याचं आडनावही बदलायचं. बर्फाळ डोंगराखाली, दुसऱ्या शेताचं नाव लावून, ते सुखानं नांदत होते.

तिनं सासऱ्यांना हे सांगितलं.

“त्यात काय नवल? गावाकडं निघोज्यात मला अजून चिंचमळ्याचा धोंडीबाच म्हणत्यात,” ते म्हणाले. “त्या पणजोबांचं शेत अजून हाय का?”

तिनं नकाशात हिरवं शेत दाखवलं.

“आता आपलं दाखव.”

मळ्याच्या जागी कंपनीचं लांबरुंद छप्पर उमटलं. धोंडीबांनी त्याच्या एका कोपऱ्यावर अलगद बोट टेकवलं. “ही चिंच.”