येळवशीला न पडलेलं भस्म

निलंग्याच्या एका गल्लीत दिवस उगवतानाच गच्च्या भरल्या होत्या. कुणी ताट धरलेलं, कुणी पदर. आभाळातून काळी, हलकी भुकटी उतरत होती आणि खालच्या मंडपात भस्मानंद महाराज माईकवर सांगत होते, "प्रत्यक्ष म्हादेवाच्या अंगावरचं हाय हे. पांढरं भस्म दुकानात मिळतं, काळं फकस्त कैलासावर. दमा, खोकला, सवतीची नजर, समदं जातं."

मंजुश्री खिडक्या लावून घरात बसली होती. मांडीवर चार वर्षांचा शिवांश. श्वास ओढताना त्याच्या बरगड्यांत खळगे पडत होते; ती घड्याळ लावून मोजत होती. मिनिटाला अठ्ठेचाळीस; चाळीसच्या आत हवेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेच म्हणाले होते, "मी पंप देतो, हवा कुठून देऊ? जगात वर्षाला लाखो माणसं अशा हवेनं जातात. मृत्यूच्या दाखल्यावर तसं लिहिलेलं नसतं, एवढंच."

सासूबाई चमचा घेऊन आल्या. "मधात कालवलंय. चाटव लेकराला."

"आत्याबाई, आधी वास तर घ्या. टायर जळल्यावाणी येतोय."

"शिकलेल्यांना समदीकडं टायरच दिसतंय."

तिनं चमचा हातात घेतला आणि त्यांची पाठ वळताच मोरीत धुतला. पण आपण आंघोळीला गेल्यावर कुणी चाटवलं तर? त्या भीतीनं तिनं आंघोळीलाही पोराला सोबत नेलं. गच्चीवर मात्र ती रोज एक ओलं पांढरं फडकं वाळत घालू लागली. संध्याकाळी ते काळं व्हायचं. प्रत्येकावर ती तारीख लिहायची.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. सगळं गाव शेतात, आंबील-भज्जीच्या जेवणाला. गावाशेजारचं गुरुपादप्पांचं गुऱ्हाळही बंद. गडी घरी गेलेले. शिवांश कडब्याच्या खोपीत पंपाशिवाय दोन तास झोपला. संध्याकाळी मंजुश्रीनं गच्चीवरचं फडकं उचललं. पांढरंशुभ्र.

दुसऱ्या सकाळी पुन्हा भस्म, पुन्हा गर्दी. मंडपासमोर जाऊन मंजुश्रीनं दोन फडकी वर धरली, परवाचं काळं आणि कालचं पांढरं. "महाराज, काल का नाही पडलं?"

"काल देव विश्रांतीत व्हते."

रोज पहिला नंबर लावणारी साखराबाई म्हणाली, "म्हंजी म्हादेव बी शेतात गेलता का आंबील प्यायला?"

गर्दी हसली. मंजुश्री हसली नाही. "काल फक्त गुरुपादप्पांच्या गुऱ्हाळाची भट्टी बंद होती. चला, तिच्यात काय घालतात ते बघू."

चिपाडाच्या ढिगामागं जुन्या टायरांची रास निघाली. "चिपाड ओलं राहतंय, टायर लगेच पेटतंय," अप्पा पुटपुटले. भट्टीजवळचा गडी सहज बोलून गेला, "महाराजांचा काजळीचा डबा बी हितूनच भरून जातो की." परत येईपर्यंत माईक गार होता, महाराज नव्हते.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "मंजू, मी साखराबाईच्या नातीला चाटवलंय ते."

"चला, तिला डॉक्टरांकडं नेऊ."

काजळी आभाळातून येते, पण आभाळ ती पाठवत नाही. ती माणसं पाठवतात, म्हणून ती माणसांनाच थांबवता येते. हात जोडण्याआधी धूर कुठून येतोय ते बघा. आणि घरात लेकरू असेल, तर त्याचे श्वास मोजा.

भट्टीतले टायर बंद झाले. सासूबाई आता रोज शिवांशचे श्वास मोजतात. काल मिनिटाला बत्तीस होते.