मस्कत लागेपर्यंत

हरिश्चंद्र राऊतांच्या गच्चीवरच्या अँटेनाला आगाशीत कोणी अँटेना म्हणत नसे. 'राऊतांचा काटा' म्हणत. खाऊन झालेल्या सुरमईचा काटा उचलून उंच खांबावर ठेवावा, तसंच ते प्रकरण दिसे. त्याचं तोंड कायम पश्चिमेला, अर्नाळ्याच्या समुद्राकडे. घरोघरी डिश आली, मग लोक फोनवरच सगळं बघायला लागले, पण राऊतांचा काटा काही खाली उतरला नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस उन्हाळ्यात रोज संध्याकाळी जिन्यावरच्या खोलीत छोटा टीव्ही लावून बसे आणि काळ्या पडद्याकडे बघत राही. बायको सरला म्हणायची, "माझ्याकडे एवढं बघितलं असतंत तर मी पण काहीतरी बोलले असते."

वेड जुनं होतं. तरुणपणी एका मे महिन्यात पडद्यावरच्या मुंग्यांतून डोक्याला फडकं गुंडाळलेला एक माणूस अरबीत बोलताना त्यांना दिसला होता. चित्र जेमतेम टिकलं, पण हरिश्चंद्र जन्माचे बाटले. वारा पडला की समुद्रालगतची हवा गार राहते, वाळवंटाकडून आलेली गरम हवा तिच्यावर झाकणासारखी बसते, आणि पलीकडच्या ओमानच्या किनाऱ्यावरून निघालेली टीव्हीची लहर आकाशात निसटण्याऐवजी त्या झाकणाखालून पाण्यावरून सरकत थेट इथवर येते. हे ते कोणालाही, विचारलं नाही तरी, समजावून सांगत. वारा सुटला की झाकण उडालं, खेळ खलास. पुढे सगळं डिजिटल झालं आणि मुंग्याही गेल्या. आता लहर पुरेशी आली तर चित्र, नाही तर मिट्ट काळोख. मस्कतचं डिजिटल चित्र स्वतःच्या गच्चीवर एकदा लावायचं, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

मुलगा धवल आणि सून क्षितिजा यांना मात्र ती गच्चीच नको होती. बंगला आणि पुढची केळीची वाडी बिल्डरला द्यायची, तिथे टॉवर उठणार, त्यात यांना दोन फ्लॅट. शेजारपाजारच्यांनी कधीच दिलं होतं. हरिश्चंद्र ऐकून घेत आणि वर निघून जात. शेवटी गणपतीत, पाहुणे जेवायला बसलेले असताना, धवलने पुन्हा विषय काढला आणि हरिश्चंद्र चिडून बोलून गेले, "एकदा मस्कत लागू दे, लगेच सही करतो!"

"म्हणजे आत्याबाईला मिशा फुटल्या की," क्षितिजा म्हणाली. सगळे हसले.

हरिश्चंद्र हट्टी होते, तऱ्हेवाईक होते, बायकोच्या मते तर वाया गेलेले होते. पण दिलेला शब्द गिळणारे नव्हते. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

पुढच्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी पडदा उजळला. निळ्या पडद्यापुढे बसलेला निवेदक, खाली उजवीकडून डावीकडे सरकणारी अक्षरं, आणि आवाज असा खणखणीत की जणू शेजारच्या खोलीतून कोणी बोलतंय. हरिश्चंद्रांना आधी हाकच मारता येईना. मग ते लहान पोरासारखे ओरडले, "सरला! अगं सरला, मस्कत! मस्कत लागलं!" सरला धापा टाकत जिना चढून आली. धवल आला, क्षितिजा आली. धवलने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. हरिश्चंद्रांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

त्यांनी जवळच्या नंदाखाल गावातल्या बर्नार्डला फोन लावला. बर्नार्डची अर्धी नोकरी मस्कतमध्ये गेलेली, आणि या वेडात त्यांना साथ देणारा तोच एकटा. "हऱ्या, खरंच? शप्पत घे!" बर्नार्ड ओरडला. फोन कानाशी धरून त्याने इकडचा आवाज ऐकला, म्हणाला, "अरे, हा तर बातम्या देतो तोच! मी रोज बघायचो याला." दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याने ही गोष्ट अख्ख्या नंदाखालला आणि जगभरातल्या त्यांच्यासारख्याच वेड्यांच्या ग्रुपवर सांगून टाकली. कोणा परदेशी माणसाने टाळ्या पाठवल्या.

शुक्रवारी हरिश्चंद्रांनी आपणहून विषय काढला. "सोमवारी रजिस्ट्रार ऑफिसात जाऊ. शब्द तो शब्द." धवल ताटातून वर न बघता म्हणाला, "थँक्यू, पप्पा."

शनिवारी दुपारी वारा सुटला. केळीची पानं फाटली, समुद्रावर पांढरं दिसायला लागलं. झाकण उडालं, हे सांगायला हरिश्चंद्रांना कोणी नको होतं. सहज म्हणून त्यांनी टीव्ही लावला. निवेदक तसाच खणखणीत बोलत होता. सिग्नलचा पट्टा जराही हलत नव्हता.

समुद्रावरून आलेली लहर अशी नसते. ती श्वास घेते, वरखाली होते, चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो. आनंदाच्या भरात ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. आयुष्य यात घालवलेल्या माणसाने ही चूक करावी! ते बाहेर गेले, खांबाचा नट सैल केला आणि काट्याचं तोंड समुद्राकडून फिरवून पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराकडे केलं. आत येऊन बघतात तर मस्कत जागच्या जागी.

पाण्याच्या टाकीमागे, गोणपाटाखाली, एक डबा सापडला. धवलची कंपनी हॉटेलांत एका जागेवरून सगळ्या खोल्यांना टीव्ही पुरवायची कामं करते. हा तसलाच डबा, नेटवरचं मस्कत घेऊन हवेतून टीव्हीला पुरवणारा. त्याला इंटरनेटची एक कांडी जोडलेली, बोटभर अँटेना, आणि वायर टाकीच्या पंपाच्या पॉइंटला. हरिश्चंद्रांनी प्लग उपसला. खोलीतला आवाज तिथल्या तिथे थांबला.

डबा हातात धरून ते खाली आले. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर, धवलच्या ताटापुढे ठेवला.

धवलचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "पप्पा, ऐका ना. तुम्ही किती खूश होतात त्या दिवशी! तुम्हाला असं मी कधीच बघितलं नव्हतं. त्यात वाईट काय केलं?"

"माझ्यासाठी केलंस?"

धवलने ताट बाजूला सरकवलं. क्षितिजा म्हणाली, "पप्पा, तुम्ही अटच अशी घातलीत. दुसरा रस्ता ठेवलात का?"

हरिश्चंद्रांनी सरलाकडे बघितलं. ती म्हणेल, मेल्या, लाज नाही वाटली, आणि घर पुन्हा घर होईल, असं त्यांना वाटलं. सरला पदराने हात पुसत राहिली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "गुडघे गेलेत माझे, अहो. मला लिफ्ट हवी. तुम्हाला कितीदा सांगितलं. तुम्ही वरच असता."

"म्हणून चौघांत माझं माकड केलंत?" त्यांचा आवाज फाटला. "सही होणार नाही. मस्कत लागलेलं नाही. अट पुरी झालेली नाही." डबा त्यांनी आपल्या कपाटात घालून कुलूप लावलं. मग त्यांनी बर्नार्डला फोन करून सगळं सांगितलं, कारण खोटं आपल्या नावावर राहू देणं त्यांना जमत नव्हतं. बर्नार्डने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जाऊ दे रे हऱ्या. आता ग्रुपवर मी काय लिवू?"

"खरं ते लिही."

रविवारी वारा पडला. दिवसभर पान हललं नाही, अंगाची काहिली झाली. संध्याकाळी हरिश्चंद्र वर गेले ते घरात कोणाचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून. काटा पुन्हा पश्चिमेला वळवला, तोही निव्वळ सवयीने. टीव्ही लावला, चॅनेल शोधायला सोडले आणि खुर्चीत डोळे मिटून बसले.

आवाजाने डोळे उघडले. तुटका आवाज होता, अर्धा शब्द, मग काही नाही, मग अर्धा शब्द. पडद्यावर रंगीत चौकोन सांडलेले. ते हळूहळू जुळत गेले, आणि त्यांतून एक बाई उभी राहिली, मागे नकाशा, ओमानचा किनारा. हवामान सांगत होती. पट्टा वर चढत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता. हरिश्चंद्र टाकीमागे जाऊन आले. गोणपाटाखाली काही नव्हतं. त्यांनी काटा जरा उत्तरेला वळवला, बाई विरघळली. परत आणला, बाई आली.

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं आणि त्यांना रडू येत नव्हतं. बर्नार्डला फोन लावायला त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. कालच तर त्याला सांगितलं होतं.

सरला वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला एकेक पायरी धरत वर आली. दारात थांबली. "परत लावलं का त्यानं?"

"नाही. हे खरं आहे, सरला."

तिने पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तापाने फणफणलेल्या पोराशी बोलावं तशी म्हणाली, "बरं. खरं तर खरं. आता खाली चला, दोन घास खाऊन घ्या." आणि मिरच्या घेऊन ती उतरली. थोड्या वेळाने बाईचे चौकोन झाले, आणि पडदा काळा पडला.

म्हणजे आता हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. घर वाचवायला काही करावं लागणार नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. कालचं 'अट पुरी झालेली नाही' तसंच चालू ठेवायचं. त्यांना खोटं पाडणारा जगात कोणी नव्हता. ती रात्र त्यांनी कशी काढली ते त्यांचं त्यांनाच माहीत.

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. "किती वाजता निघायचंय?"

धवल बघतच राहिला. रजिस्ट्रार ऑफिसात त्यांनी जिथे सांगितलं तिथे सही केली, जिथे सांगितला तिथे अंगठा दिला, कॅमेऱ्यासमोर मान सरळ धरली. बाहेर आल्यावर धवलने त्यांचा दंड धरला. त्याला खरोखरच लाज वाटत होती. "पप्पा, पण तुम्ही तर म्हणाला होतात, मस्कत लागल्याशिवाय..."

"लागलं," हरिश्चंद्र म्हणाले. "काल संध्याकाळी."

धवलने क्षितिजाकडे बघितलं. त्याने वडिलांना हाताला धरून गाडीत मागे बसवलं, पट्टा लावून दिला, दार हलकेच लोटलं. गाडी आगाशीच्या रस्त्याला लागल्यावर क्षितिजा त्याच्याकडे झुकून हळू म्हणाली, "एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवून घेऊ या का?"

"हो," धवल म्हणाला. "मम्मीपण काल तेच म्हणत होती."

मागे हरिश्चंद्रांना सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.