चार नंबरची जाळी

"पंप बंद करा! अरे, ओढू नका!"

येर्गाझी टाकीच्या माथ्यावरून जिवाच्या आकांताने ओरडत होता, पण वारा त्याचा आवाज रुळांपलीकडे नेऊन टाकत होता. पायाखालचा पत्रा कण्हला. टाकीच्या कुशीवर हाताएवढा पोचा पडला आणि हळूहळू खोल जाऊ लागला. शेवटी त्याने डोक्यावरची केसाळ टोपी काढून ती झेंड्यासारखी हलवली, तेव्हा कुठे पंपघरातल्या माणसाचं लक्ष गेलं. पंप थांबला. कण्हणंही थांबलं.

फेब्रुवारीची सकाळ होती, उणे चोवीस. काराशोकी स्टेशनच्या डेपोत पेट्रोलच्या सात टाक्या होत्या आणि चार नंबरची टाकी डब्यासारखी चेपता चेपता वाचली होती. येर्गाझीने गुडघे टेकून हवेच्या पाइपाच्या तोंडावरचे बोल्ट सोडवले आणि आतली चकती बाहेर काढली. अॅल्युमिनियमची, ताटलीएवढी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची. प्रत्येक छिद्रात बर्फ गच्च बसला होता.

कागदोपत्री तिला ज्वालारोधक म्हणत. डेपोत सगळे 'जाळी' म्हणत. सव्वीस वर्षं येर्गाझी या सात जाळ्या काढत, धूत, वाळवत आणि परत बसवत आला होता. एवढंच त्याचं काम. येरझाऱ्या घालणारा, अंगाला पेट्रोलचा वास येणारा, कमी बोलणारा माणूस. स्टेशनात कुणी विचारलं की तो डेपोत काय करतो, तर लोक म्हणत, "टाक्यांची झाकणं पुसतो."

जिन्यावरून शोल्पान वर आली. ती प्रयोगशाळेतली, टाकीतले नमुने घेणारी. तिशीही गाठली नव्हती तिने. थोरल्या माणसाला म्हणतात तसं ती येर्गाझीला 'आगा' म्हणे.

"आगा, टोपी घाला, कान गळून पडतील," ती म्हणाली. "आणि एवढीशी चकती, तिच्यासाठी एवढा आरडाओरडा?"

"एवढीशी काय म्हणतेस? टाकी श्वास घेते बाई. पेट्रोल भरलं की वाफ बाहेर सोडते, उपसलं की हवा आत घेते. नाकात बर्फ भरला तर कोंडेलच ना."

"मग नाकाला जाळी लावायचीच कशाला?"

"बाहेर पडणारी वाफ पेटली तर? आग पाइपातून आत पळते. या छिद्रांतून जाताना तिची धग धातू शोषून घेतो. पलीकडे पोचेपर्यंत ती विझलेली असते."

शोल्पानने चकती हातात घेऊन आभाळाकडे धरली आणि एक डोळा मिटून पाहिलं. "म्हणजे आग येते, आणि तुम्ही तिला सांगता, घरात कुणी नाही."

येर्गाझी हसला. त्याच्या कामाबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं.

त्याच दुपारी डेपोप्रमुख तेमिर्गालीने फर्मान काढलं. थंडी संपेपर्यंत सगळ्या जाळ्या काढून ठेवायच्या. तशी परवानगीही होती, पूर्वीही फार बर्फ धरू लागला की काढत असत. येर्गाझीने साती चकत्या तेलकट कागदात गुंडाळल्या, नंबर घातले आणि कोठीत ठेवून दिल्या.

एप्रिलमध्ये तो त्या आणायला गेला, तेव्हा चारच उरल्या होत्या. दोन, चार आणि पाच नंबरच्या कुठे गेल्या ते कोठीवाल्याला ठाऊक नव्हतं. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता, एवढंच त्याला आठवत होतं.

"नव्या मागवल्यात," तेमिर्गाली म्हणाला. "जुलैत येतील."

"आणि तोवर?"

"तोवर नुसतं वरचं आवरण बसवा. बाहेरून काय कळतंय?"

"आगीला कळतं."

तेमिर्गालीने खुर्ची पुढे ओढली. एकेकाळी तो या डेपोत शिकाऊ म्हणून आला होता, बोल्ट कसा आवळायचा ते त्याला येर्गाझीनेच शिकवलं होतं. "येरेके," तो जुन्या आदराच्या नावाने हाक मारत मऊ आवाजात म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येतायत. साताच्या साती बसवल्यात, असं लिहून सही करा. नाहीतर डेपोला टाळं. चाळीस माणसं घरी बसतील. तुमच्या निवृत्तीला तरी किती राहिलेत, आठ महिने?"

येर्गाझीने खिशातून पेन काढलं. मग त्याने सही केली. नेहमीसारखीच वळणदार सही आली, आणि पुढे त्याला त्याचंच सर्वांत जास्त आश्चर्य वाटत राहिलं.

घरी त्याने बायकोला, दामेलीला, सगळं सांगितलं. ती कणीक तिंबत होती.

"सही केलीत?"

"केली."

"मग आता तोंड पाडून काय उपयोग? हात आहेत ना तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या पंपातली दोन दातेरी चाकं घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाला पकडीने आवळली. पत्र्याच्या अरुंद पट्ट्या कापल्या. दामेलीने चाकाची मूठ फिरवायची, त्याने चाकांमध्ये पट्टी सरकवायची. दुसऱ्या बाजूने पट्टी चुण्या पडून बाहेर येई. एक चुणीची, एक सपाट, अशा दोन्ही एकत्र धरून घट्ट गुंडाळायच्या, फितीची गुंडाळी करतात तशा. जरा सैल पडलं की येर्गाझी सगळं उलगडून पहिल्यापासून सुरुवात करी. छिद्र तसूभर मोठं झालं तर आगीला वाट मिळाली असती.

"लग्नात माझ्याकडेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतंत," दामेली म्हणाली.

"तुझ्यात चूक निघायची भीती नव्हती."

"आता लबाडी शिकलात. कागदावरही आणि तोंडावरही."

त्याने पुढची पट्टी आत सरकवली. ती पुन्हा मूठ फिरवू लागली.

पहिली जाळी बनायला तीन आठवडे लागले. ती त्याने दोन नंबरवर बसवली. दुसरी मेच्या अखेरीस पाच नंबरवर गेली. तिसरी, चार नंबरची, अर्धी गुंडाळून झाली होती. रविवारी दिवसभर बसला असता तर झालीही असती. पण त्या रविवारी पुतण्याचं लग्न होतं, दूरच्या आउलमध्ये, माळरानावरच्या एका खेड्यात. घरातला वडीलधारा माणूस न जाऊन कसं चालेल? तो गेला, घोड्याचं मटण खाल्लं, नवरानवरीला आशीर्वाद दिला, आणि सोमवारी संध्याकाळी थकून परतला.

मंगळवारी दुपारी मालगाडीतून पेट्रोल उतरत होतं. चार आणि पाच नंबर भरत होत्या. माथ्यावरच्या पाइपांतून वाफ निघत होती. उन्हात ती दिसत नाही, फक्त पलीकडचं क्षितिज थरथरतं. पश्चिमेकडून कोरडं वादळ चढत होतं, पावसाचा थेंब नाही, नुसती धूळ आणि गडगडाट. वादळात टाकीवर चढायचं नाही हा नियम होता, पण गाडी खोळंबली होती आणि नमुन्याशिवाय कागद पुरे होत नव्हते. तेमिर्गालीने शोल्पानला चार नंबरच्या माथ्यावर धाडलं.

येर्गाझी पंपघराच्या दारात उभा होता. "खाली ये!" तो ओरडला. "पोरी, सोड ते, खाली ये!"

तिने नमुन्याची बाटली पिशवीत टाकली, नमुने घेण्याच्या तोंडावरचं झाकण लोटलं, त्याची कडी फिरवली आणि बंद झालंय ना म्हणून वरून पायाने दाबून पाहिलं. मग खाली त्याच्याकडे बघून हात केला आणि ती जिना उतरू लागली.

वीज नेमकी कुठे पडली ते कुणालाच सांगता आलं नाही. येर्गाझीला एवढंच दिसलं, की दोन टाक्यांच्या पाइपांवर एकाच वेळी दोन निळसर ज्योती उभ्या राहिल्या. मेणबत्तीसारख्या, अगदी शांत. पाच नंबरची ज्योत तिथेच थरथरत राहिली. चार नंबरची अचानक दिसेनाशी झाली.

ती आत गेलीय हे त्याला कळलं, त्याच क्षणी छप्पर उडालं.

शोल्पान तेव्हा जिन्याच्या निम्म्यावर होती.

आग विझायला दुसरा दिवस उजाडावा लागला. पाच नंबरच्या पाइपावरची ज्योत मात्र दोन माणसांनी शिडीवरून ओलं घोंगडं टाकून विझवली. टाकीतलं पेट्रोल आत जसंच्या तसं होतं.

तिसऱ्या दिवशी तेमिर्गाली येर्गाझीच्या घरी आला. कित्येक रात्री जागल्यासारखा दिसत होता. दामेलीने वाटीत चहा ओतला, त्याने तिला हात लावला नाही.

"येरेके, उद्या चौकशीवाला येतोय. छपराचे तुकडे रुळांपर्यंत उडालेत. पाइप वितळला. तिथे जाळी होती की नव्हती, हे आता देवालाच ठाऊक."

"मलाही ठाऊक आहे."

"ऐका तर खरं. कागदावर जाळी आहे. तुमची सही आहे. जाळी होती असं म्हणा, संपलं."

"मग आग आत शिरली कुठून?"

तेमिर्गाली खाली बघत म्हणाला, "नमुन्याचं झाकण. ते उघडं राहिलं असेल. घाईत होती ती."

दामेलीने चहाची किटली खाली ठेवली.

"तिने झाकण लावलं," येर्गाझी म्हणाला. "कडी फिरवली. पायाने दाबलं. मी पाहिलंय."

"तुम्ही एकट्यानेच पाहिलंय! येरेके, ती गेली, तिला आता काय फरक पडतो? मला तीन लहान पोरं आहेत. तुम्ही तुरुंगात गेलात तर आपाचं काय होईल?" त्याने दामेलीकडे पाहिलं.

"आपाला मध्ये ओढू नकोस," दामेली म्हणाली. "चहा प्यायचा असेल तर पी. नसेल तर दार उघडंच आहे."

तो निघून गेला. टेबलावर ती अर्धवट गुंडाळलेली जाळी पडली होती. पट्टीचं मोकळं टोक वाऱ्याने हलत होतं.

"तिचा बाप रोज स्टेशनवर येऊन बसतो," दामेली म्हणाली. "लोकांना सांगतो, माझी पोर निष्काळजी नव्हती हो."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. तुमच्या औषधाच्या गोळ्या तिथे कोण देईल, याची वाटते." तिने उगाचच टेबल पुसलं. "निळा सदरा काढून ठेवते. इस्त्री केलेला."

चौकशीवाला तरुण होता, शहरातून आलेला, थकलेल्या चेहऱ्याचा. येर्गाझीने काहीही न लपवता सांगितलं: जाळी नव्हती. सही माझी आहे. खोटी आहे, हे मला सही करताना माहीत होतं. झाकण बंद होतं.

त्या माणसाने टेबलावर पाच नंबरची जाळी ठेवली. एका बाजूने ती काजळून निळी-काळी झाली होती. दुसरी बाजू चकचकीत होती.

"ही कारखान्यातली नाही. कुणी बनवली?"

"मी. आणि बायकोने."

"परवानगी?"

"नाही."

चौकशीवाल्याने ती उलटसुलट करून पाहिली. "ही नसती तर पाच नंबरही गेली असती. मग स्टेशन राहिलं नसतं," तो म्हणाला. मग कागद पुढे ओढून त्याने लिहिलं: विनापरवाना सुटा भाग बसवला. "हेही लिहावं लागतं मला, आजोबा."

"लिहा. खरंच आहे ते."

निकाल हिवाळ्यात लागला. तेमिर्गालीला तीन वर्षं. येर्गाझीला दोन, पण वय आणि कबुली बघून शिक्षा स्थगित. दर महिन्याला ठाण्यावर हजेरी. अहवालात एक ओळ होती, नमुन्याचं झाकण अपघाताच्या वेळी बंद होतं. डेपो बंद झाला तो झालाच. चाळीस माणसं घरी बसली. त्यांतली काही येर्गाझीला बघून रस्ता बदलू लागली. दुकानातली बाई एकदा मुद्दाम त्याच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणाली, "एवढंच खरं बोलायचं होतं तर आधीच बोलायचं." तो पाव घेऊन बाहेर पडला.

जूनमध्ये शोल्पानचं वर्षाचं जेवण घातलं. बोलावणं येर्गाझीला नव्हतं. पण अशा जेवणाला बोलावणं लागत नाही, आणि येणाऱ्याला परत पाठवतही नाहीत.

"जाऊ का?" त्याने दामेलीला विचारलं.

"मला काय विचारता? जायचं नसतं तर दाढी केली असतीत का?"

अंगणात लांबच लांब सतरंज्या अंथरल्या होत्या. तो शेवटच्या टोकाला, चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन बसला. शेजारच्या माणसाने मान हलवून सलाम केला आणि थोडा सरकला. जागा द्यायला की अंतर ठेवायला, ते कळलं नाही.

शोल्पानचा बाप कोसाय पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत येत होता. जन्मभर रुळांवर काम केलेला वाकलेला माणूस. एका हातात लांब चोचीचा तांब्या, दुसऱ्यात तस्त, खांद्यावर टॉवेल. खरं तर हे काम तरुणांचं. पुतणे दोनदा तांब्या घ्यायला पुढे आले, पण त्याने दिला नाही. प्रत्येकासमोर तो वाके, पाणी घाली, खांद्यावरचा टॉवेल पुढे करी, आणि पुढच्याकडे सरके.

येर्गाझीसमोर येऊन तो थांबला. कुठेतरी कढई खरवडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

येर्गाझीने हात पुढे केले. ते मागे घ्यावेत की तसेच ठेवावेत, हे त्याला सुचेना, म्हणून ते तिथेच राहिले. त्यांवर जुन्या पत्र्याने कापल्याचे बारीक पांढरे वण होते. कोसाय त्या हातांकडे बघत राहिला.

"झाकण तिने लावलं होतं," तो म्हणाला. विचारल्यासारखं नव्हे.

"लावलं होतं. पायाने दाबून पाहिलं होतं."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग तो वाकला आणि येर्गाझीच्या हातांवर पाणी घातलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, जसं इतरांना घातलं तसंच, एक थेंबही कमी नाही.

टॉवेल त्याने पुढे केला नाही. खांद्यावर तो तसाच ठेवून तो सरळ उभा राहिला आणि तांब्या भरायला विहिरीकडे चालू लागला.

शेजारच्याने आपला रुमाल काढला. येर्गाझीने मान हलवून नको म्हटलं. त्याने दोन्ही हात अंगापासून जरा लांब, सतरंजीच्या बाहेर धरले. स्तेपीच्या माळावरून गरम वारा येत होता. हात वाळेपर्यंत तो तसाच बसून राहिला आणि मगच त्याने समोरच्या रोटीचा एक लहान तुकडा तोडला.