फुलीचं ताट

तिसऱ्या खेपेलाही पाळी आली, तेव्हा सुगंधाने ते कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. येसूबाईंनी, म्हणजे तिच्या सासूने, मागच्या दोरीवरचं कापड पाहिलं आणि त्या दिवशी तिच्या चहात साखर पडली नाही. विसरल्या असतील, असं म्हणायला हरकत नव्हती. पण येसूबाई साखर विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि सुगंधा तसं समजून घेणाऱ्यांतली उरली नव्हती.

दहिवलीला तिच्या नवऱ्याची, पदूची, भाताची गिरणी होती. घर गिरणीला लागूनच, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलत. लग्नाला बारा वर्षं झाली होती. नवस झाले, कर्जतच्या डॉक्टरकडून पिशवी साफ करून झाली, झाडपाला झाला. मग शेलूची जमीन एका मुंबईकराला विकून पदूने टेस्टट्यूब करणारी डॉक्टरीण गाठली. बाईची अंडी काढायची, काचेत पुरुषाच्या बीजाशी त्यांची गाठ घालायची आणि तयार झालेला गर्भ नळीने परत आत ठेवायचा, असा तो प्रकार. पदूने तो आईला शेतकऱ्याच्या भाषेत समजावला होता. राबात रोप करायचं आणि खाचरात लावायचं, एवढंच. येसूबाईंना ते चटकन पटलं. तीन वेळा लावणी झाली, तीन वेळा रोप तगलं नाही. आता रोप चांगलं आहे असं डॉक्टरीणच म्हणते तर दोष कुणाचा, हे येसूबाईंना कुणी वेगळं सांगायला नको होतं.

त्यातच कोंडाण्याची भाची, त्यांच्या भावाची मुलगी, शिवण शिकायला म्हणून पंधरा दिवस येऊन राहिली. शिवणाचा वर्ग आठवड्यातून दोनच दिवस भरे. उरलेले पाच दिवस ती पदूला जेवायला वाढे. सुगंधा आंधळी नव्हती.

तिसऱ्या खेपेनंतर दोघं मुंबईला गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चौथ्याचा विषयच काढला नाही. त्या म्हणाल्या, आधी आणखी एक तपासणी करू. पिशवीच्या आतल्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. मग त्यांनी पहिल्या वेळी भरून घेतला होता तसलाच कोरा छापील कागद पुन्हा पुढे केला. माहेरी किंवा सासरी कुणाला क्षय झाला होता का, या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. त्यांनी बोट उचलायच्या आत पदूने लिहिलं, नाही.

तेवढ्यात पदूचं घड्याळ वाजलं. मेव्हण्याने दुबईहून आणलेलं, दर तासाला बारीक पीं करणारं ते घड्याळ. पदूने मनगट झाकलं, डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, आणि सुगंधा आपली भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या चित्राकडे पाहत राहिली. घड्याळ वाजतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

घड्याळ वाजलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि मग प्रश्न सुरू झाले. लहानपणी मोठा आजार झाला होता का? नवव्या वर्षी मुदतीचा ताप आला होता, सुगंधाने सांगितलं. सुया रोज टोचत होते का? किती महिने? तिला आठवेना. डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, क्षयावरची त्या काळची सुई कधी कधी बारीक आवाज ऐकू येणं घालवते. क्षय नेहमी छातीतच राहतो असं नाही, पोटातही उतरतो, पिशवीत दडून बसतो, आणि मग कितीही वेळा गर्भ ठेवा, तो रुजत नाही. निघाला तर औषध आहे. काही महिने गोळ्या घ्यायच्या, मग पुढचं पाहू. मूल होईलच असं मी म्हणत नाही, पण हे न बघता चौथ्यांदा करायला माझं मन घेत नाही. सोमवारपर्यंत ठरवा, घरी सगळ्यांना विचारा आणि हा कागद नीट भरून आणा.

परतताना सुगंधाच्या डोक्यात संशयाची गिरणी सुरू झाली, ती थांबेना. हे या बाईने आधीच का नाही केलं? तीनदा अपयश आलं म्हणून आता माझ्या अंगावर आजार ढकलते की काय? आणि पदूने इतक्या घाईने नाही का लिहिलं? वाचायला ज्याला चष्मा लागतो, त्याने त्या दिवशी चष्म्याशिवाय लिहिलं होतं. घरी येसूबाईंनी विचारलं, कसली तपासणी? पदू म्हणाला, अशीच. आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं सुगंधाच्या काळजात रुतून बसलं. ह्यांना कळलंय, ती मनाशी म्हणाली. क्षय निघाला की मला माहेरी, खालापूरच्या एस.टी.त बसवतील आणि कोंडाण्याच्या पोरीला कायमची शिवायला ठेवतील. क्षयाची सून कुणी ठेवून घेतल्याचं कर्जत तालुक्यात कुणी ऐकलंय का?

तपासणी नको म्हणावं, तर चौथ्यांदाही तेच होणार. हो म्हणावं, तर घर जाणार. निदान खरं काय ते आधी आपल्याला कळू दे, म्हणून शनिवारी ती आईच्या तब्येतीचं निमित्त करून खालापूरला निघाली.

तिची आई, मोतीबाई, अंगणात बिरडं सोलत बसल्या होत्या. मोड आलेल्या वालाचं साल बोटाच्या एका दाबाने उडवणाऱ्या त्या बोटांना साठाव्या वर्षीही कुणी हरवलं नव्हतं. सुगंधाने तपासणीचं सांगितलं, बोटं चालूच राहिली. नवव्या वर्षीच्या तापाचं विचारलं, तेव्हा बोटं थांबली.

मुदतीचा ताप होता, मोतीबाई म्हणाल्या. आणि मग न विचारता बरंच बोलल्या. डॉक्टर लोक लुटतात, पोटाला सारखं कापू देऊ नये, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. ज्या आईने तीनदा नारळ फोडून मुंबईला पाठवलं, तिला आज अचानक देव आठवला. खाई त्याला खवखवे, हे सुगंधाला ठाऊक होतं, पण ते आपल्या आईला लागू पडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती उठून मागच्या दारी गेली. तिथे कोंबड्या कणी टिपत होत्या, एका जुन्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटातून. ताट उचलायला वाकली आणि तिला काठावरची खूण दिसली. मोतीबाईंच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं, देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं, तारखेसकट. याच एका ताटावर नाव नव्हतं. खिळ्याने ठोकून काढलेली फुली होती.

फुलीचं ताट सुगंधाचं! केवढं मिरवायची ती ते. घरात सगळ्यांना कुठलंही ताट चाले, तिला मात्र तिचं स्वतःचं. लाडकी आहेस म्हणून, असं आईने सांगितलं होतं. धाकटा भाऊ गजा एकदा हट्टाने त्यात जेवायला बसला, तर आईने त्याला चुलीतल्या लाकडाने मारलं होतं. मोतीबाईंनी आयुष्यात पोराला मारलं ते तेवढंच. एका ताटासाठी कुणी पोराला असं मारतं का? हा प्रश्न सुगंधाला बावीस वर्षांनी पडला.

ताट घेऊन ती पुढे आली. दिवेलागण झाली होती. ती आईशेजारी बसली आणि शांतपणे म्हणाली, "आये, आता रातकिडं वरडतात का गं?"

"वरडतात की. कान किटलं," मोतीबाई सहज बोलून गेल्या.

सुगंधाने कान दिला. शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येत होतं, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी लोढण्यांची खडखड ऐकू येत होती. रातकिडे मात्र नव्हते. आजवर तिला वाटे, ते पावसाळ्यातच ओरडत असतील, आणि पावसात पावसाचाच आवाज. तिने ताट आईच्या मांडीजवळ ठेवलं.

मोतीबाई रडल्या नाहीत. सोललेलं बिरडं पदराने झाकत त्या म्हणाल्या, "तुज्या पाठीवर दोन पोरी हुत्या. एकीला क्षय म्हनल्यावर तिघींना कोन पुसतं? आबाजी कंपाउंडर मागच्या दारानं यायचा सुई द्यायला. तीन म्हैने. बरी झालीस तू. मंग बोलायचं कशाला?"

"लग्नात बोलली नाहीस, ते समजलं. पन मी तीनदा त्या टेबलावर निजले, आये. तवा तरी?"

"गजासाठी पोरगी बघतोय आता," मोतीबाई म्हणाल्या. याहून जास्त त्यांच्याकडे काही नव्हतं. सुगंधाला आईचा राग आला, इतका की आईच्या हातचं बिरडं तिने त्या रात्री खाल्लं नाही. आणि त्यातही, नऊ वर्षांच्या आजारी पोरीला लाड आहे असं सांगून एकटं जेवू घालणाऱ्या बाईचा पुरता तिरस्कारही तिला करता येईना.

सकाळी निघताना तिने ताट घासून पिशवीत टाकलं. एस.टी.त बसल्या बसल्या तिचं ठरलं. तपासणी करायची. घालवतील तर घालवू देत. पण आजवर माझ्या पोटाबद्दल माझ्यामागे सगळ्यांनी ठरवलं, आता माझ्या तोंडून मी सांगेन, आणि पुरावा हातात ठेवून सांगेन.

ती पोचली तेव्हा गिरणी चालू होती. येसूबाई पडवीत कणी पाखडत होत्या. सुगंधाने ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं, फुली वर करून.

दुसरं कुणीही असतं तर विचारलं असतं, हे कुठलं चेपलेलं ताट आणलंस गं माहेराहून? येसूबाईंनी विचारलं नाही. त्यांनी फुलीकडे पाहिलं. सूप हातात होतं तसंच राहिलं.

"किती दीस जेवलीस त्यात?" त्या म्हणाल्या.

सुगंधा शिव्या ऐकायची तयारी करून आली होती. या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. इतके दिवस जो संशय आईकडे, डॉक्टरीणबाईकडे, स्वतःकडे धावत होता, त्याने गर्रकन तोंड फिरवलं.

"आत्याबाई, हे एकटीनंच जेवायचं ताट हाय, ते तुमाला कसं ठावं?"

येसूबाईंनी सूप खाली ठेवलं. उठून गिरणीच्या दाराशी गेल्या आणि पदूला हाताने खूण केली. पट्टा उतरला, गिरणी थांबली. त्या घरात भरदिवसा इतकी शांतता सुगंधाने पहिल्यांदाच अनुभवली. पदू बाहेर आला, पापण्यांवर कोंडा, नजर ताटावर.

"ह्यांचं असलंच ताट मी गिरनीच्या मागं पुरलं," येसूबाई म्हणाल्या. "ते गेले त्या दिवशी."

सासरे दम्याने गेले होते. निदान गावाला आणि सुनेला तसंच माहीत होतं. दमा नव्हता. दोन वर्षं ते मागच्या खोलीत खोकत होते. पदू तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, त्यांचं उष्टं काढायचा, त्यांच्या अंथरुणापाशीच निजायचा. मग त्याच्या बहिणीचं, चिंधीचं लग्न ठरवायचं होतं, म्हणून दमा म्हणायचं ठरलं. लग्न झालं, चिंधीला तीन मुलं झाली, दमा मात्र दमाच राहिला.

सुगंधा पदूकडे वळली. "पहिल्या खेपेच्या कागदावर बी तुमीच लिवलं होतं का, नाय म्हनून?"

"व्हय," पदू म्हणाला. "जिभेला सवयच लागली हुती गं. मला वाटलं, बापाचा आजार, त्याचा तुज्या पोटाशी काय संबंध."

"आन आत्याबाईंना पन तसंच वाटलं?"

खोटं बोलायची उत्तम संधी होती, आणि बारा वर्षांत येसूबाईंनी अशी संधी सोडली नव्हती. "कोंडान्याची पोर आनायची असं माज्या मनात हुतं," त्या म्हणाल्या. "आनली असती. आन तिचं बी असंच झालं असतं, तर तिला बी मीच बोलले असते."

सुगंधा रडली. दुःखाने कमी, रागाने जास्त. तीन वेळा तिला सुया टोचल्या, तीन वेळा ती टेबलावर पाय वर करून निजली, तीन वेळा तिला वाटलं की आपलं शरीरच नाठाळ आहे, आणि या सगळ्या काळात दोन घरांत दोन म्हाताऱ्या एकेक ताट लपवून गप्प बसल्या होत्या. कुठल्या घरातून तिच्या पोटात काय आलं, की काहीच आलं नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते फक्त त्या तुकड्यातून कळणार होतं.

डोळे पुसून तिने फडताळातून कागद काढला आणि पदूकडचं पेन मागितलं. पदूने लिहिलेल्या 'नाही'वर तिने फुली मारली. खाली लिहिलं, माहेरी मला. मग पेन पदूच्या हातात दिलं. त्याने या वेळी चष्मा लावला आणि लिहिलं, सासरी वडिलांना.

"तपासनी माजी हुईल," सुगंधा म्हणाली. "पन माजी एकटीची नाय. तुमची बी, आन आत्याबाईंची बी."

"माजी कशाला गं या वयात?" येसूबाई पुटपुटल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "बरं."

फुलीचं ताट अजून मध्येच पडलं होतं. पुरायचं का, पदूने विचारलं. सुगंधाने ते उचललं, येसूबाईंनी पाखडलेली कणी त्यात ओतली आणि अंगणात कोंबड्यांपुढे ठेवलं, येणाराजाणारा बघेल अशा जागी.

परत आली तेव्हा पदूचा अंगठा मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबत होता. बारा वर्षांत हा अंगठा तिने हजारदा असा जाताना पाहिला असेल, पण तो का जातो हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"वाजलं का?" तिने विचारलं.

"वाजलं."

"मला ऐकू येत नाय," सुगंधा म्हणाली. "आजपासून वाजलं की मला सांगायचं."