डबा वाजला की वर यायचं

वर्लिन, तू डबा का वाजवलास?

बादलीत पडल्यापासून मी हेच विचारतोय. माझं तोंड उघडतं आणि मिटतं, आणि भोवती वाकलेली पोरं म्हणतात, बघ, पाणी पितोय. मी पाणी पीत नाही. मी बोलतोय. मी हौदात वाढलेला एक ट्राउट मासा. दादा मला बारक्या म्हणायचा.

आई आम्ही पाहिली नाही. अंड्यातून बाहेर आलो तेव्हा वर सिमेंटची कड होती आणि कडेवर वर्लिनचे रबरी बूट. दादा माझ्या आधी अंड्यातून सुटला, म्हणून तो दादा. त्याच्या शेपटीमागे पोहायला सोपं जायचं, म्हणून मी कायम तिथंच. सिमेंटला घासून आमचे पोहायचे पर झिजून गेले होते.

वर्लिन रोज यायचा, पत्र्याचा डबा कडेवर ठोकायचा आणि म्हणायचा, "या रे पोरांनो, जेवायला." मग गोळ्या पडायच्या. डबा वाजला की वर यायचं, एवढंच आम्ही शिकलो. दुसरं कोणी काही शिकवलंच नाही. आम्ही आजारी पडलो की तो पाण्यात औषध घालायचा, बगळा आला की शिव्या देत धावायचा. मला वाटायचं, हाच आमचा बाप.

एका सकाळी त्यानं दादाला जाळीत उचललं आणि त्याच्या पाठीवरच्या पराला लाल बिल्ला अडकवला. म्हणाला, "तू आमचा हिरो. तुला पकडेल त्याला सायकल." आम्हाला काय कळणार? दादा दिवसभर बिल्ला मिरवत फिरला. मला जरा हेवाच वाटला.

मग टाकीचा ट्रक आला. अंधारात धक्के खात गेलो आणि एका नळीतून गावच्या ओढ्यात पडलो. वरच्या अंगाला जाळी, खालच्या अंगाला जाळी. काठावर घडीच्या खुर्च्या, सॉसेज भाजल्याचा धूर, आणि पोरंच पोरं. प्रत्येकाच्या हातात गळ. दर उन्हाळ्यात इथं हा पोरांच्या मासेमारीचा दिवस असतो म्हणे.

आम्ही घाबरून पुलाखाली दाटीवाटीनं बसलो. तिथं ओढ्यातलाच एक म्हातारा मासा होता. म्हणाला, "इथंच बसा. काठावर माणूस दिसला की खाली जायचं, एवढंही घरी शिकवलं नाही?"

दादा हसला. "आजोबा, आम्हाला माणसानंच वाढवलंय."

बराच वेळ कोणाच्या गळाला काही लागेना. पोरं कुरकुरायला लागली. कुणाचा तरी बाप ओरडला, "काय वर्लिन, मासे आणलेस की नुसतंच पाणी ओतलंस?" सगळे हसले. वर्लिनही हसला. मग त्यानं गाडीतून डबा आणला आणि काठावरच्या दगडावर ठोकला.

"या रे पोरांनो, जेवायला."

"चल बारक्या, वर्लिन आला," दादा म्हणाला आणि निघाला. मी त्याच्या मागे होतो. पाण्यात गोळ्या पडत होत्या आणि गोळ्यांमध्ये गळ होते. दादाचं डोकं एकदम वर खेचलं गेलं. त्याच्या शेपटीमागचं माझं पाणी रिकामं झालं.

ब्रिन नावाच्या मुलीनं त्याला पकडलं होतं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. तिच्या बापानं, कर्टिसनं, सायकलीसाठी बिल्ला तोडून घेतला. मी काठाशी उथळ पाण्यात होतो. आम्हाला पापण्या नसतात. सगळं बघावंच लागलं.

ब्रिननं विचारलं, "बाबा, आता याला सोडूया ना?"

"मेलाय तो, राणी."

मेला नव्हता. गवतावर त्याचा कल्ला हलत होता.

"मग खायचा?"

"आपल्याकडे मासे कोण खातं?"

वर्लिन जवळ आला. "कर्टिस, निदान खा तरी त्याला. वर्षभर भरवलंय मी."

"मग तूच ने की घरी."

वर्लिननं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. दादाला नेलं नाही. दादा कागदी बशा आणि सरबताच्या पेल्यांसोबत कचऱ्याच्या पिंपात गेला.

खाणार असाल तर खा. बगळाही खातो, त्याच्यावर माझा राग नाही. बगळा आधी जेवायला बोलावत नाही, एवढंच.

ज्यांना काही मिळालं नव्हतं ती पोरं आता रडायला लागली. वर्लिननं पुन्हा डबा उचलला. मी पुलाखाली धावलो, उरलेल्या भावंडांना म्हणालो, जाऊ नका, दादा गेला. पण ठोका पडला आणि सगळ्यांची तोंडं काठाकडे वळली. खोटं कशाला बोलू, माझंही वळलं.

मग मी सगळ्यांच्या पुढे सुटलो. पहिला दिसला तो गळ मुद्दामच तोंडात धरला. दादा मुकाट्यानं गेला होता. मी नाही गेलो. पाण्याबाहेर उसळलो, आपटलो, पुन्हा उसळलो, ओठ फाटला तरी थांबलो नाही. खाली गढूळ पाण्यात तो म्हातारा आधी पुलाखाली वळला, आणि त्याच्यामागे माझी भावंडं, एकेक करून. वर्लिन डबा ठोकतच होता. कोणी वर आलं नाही. तरी मला काठावर ओढून काढेपर्यंत मी शेपटी आपटत राहिलो.